‘घरगुती’ चवीचा हिशेब

मुंबई-गोवा महामार्गावरचा प्रवासी वाटेतल्या एखाद्या लहानशा खानावळीत थांबतो. तव्यावरून उतरलेली तांदळाची भाकरी, माशाचे कालवण आणि वाटीभर सोलकढी पोटात गेली, की तो तृप्त मनाने उद्गारतो : ‘अगदी घरच्यासारखे जेवण!’ फलकावरही ‘घरगुती’ हाच शब्द असतो. या शब्दाच्या आड किती श्रम फुकटात खपतात, याचा विचार मात्र जेवणारा करीत नाही. समतेवर व्याख्यान द्यायला निघालेला दौऱ्यावरचा कार्यकर्ताही याला अपवाद नाही.

हे जेवण स्वस्त पडते ते कशामुळे? तांदूळ, तेल, गॅस खानावळवाल्याला कोणी सवलतीत देत नाही. घाऊक खरेदी करणाऱ्या मोठ्या हॉटेलापेक्षा त्याला माल महागच पडतो. फरक आहे तो मजुरीचा. पहाटे मासळी साफ करणारी सासू, दिवसभर भाकऱ्या थापणारी सून आणि शाळेतून येताच पाण्याचे पेले भरणारा मुलगा यांची नावे कोणत्याही हजेरीपटावर नसतात. गल्ल्यावर बसतो तो कर्ता पुरुष. परवानाही बहुधा त्याच्याच नावाचा.

कायद्यानेही या घराच्या उंबऱ्याबाहेर थांबणेच पसंत केले आहे. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा झाला तेव्हा तो प्रामुख्याने दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी होता. ढाबे व उपाहारगृहांत मुलांना कामावर ठेवण्यास २००६ साली बंदी झाली. पण शाळा सुटल्यावर वा सुट्टीत कुटुंबाच्या बिनधोक्याच्या धंद्यात मुलांनी मदत करण्यास २०१६ च्या दुरुस्तीने मुभा दिली. म्हणजे परक्याच्या हॉटेलात जे शोषण, तेच घरच्या खानावळीत संस्कार!

यावर कोणी म्हणेल, मजुरी मोजली तर थाळी महागेल, खानावळ बंद पडेल आणि तिची जागा बड्या भांडवलाचे फूड मॉल घेतील. ही भीती खोटी नाही. रुंदीकरणात रस्त्याकडेचे छप्पर जाते. बाह्यवळणाने तुटलेल्या गिऱ्हाइकाची भरपाई कोणत्याच पंचनाम्यात बसत नाही. परंतु भांडवलाशी झुंजण्याचा सारा भार घरातल्या बाईनेच का वाहावा? बाहेरच्या अन्यायाचे निमित्त करून आतला अन्याय झाकणे, याला समाजवाद म्हणत नाहीत.

मार्ग नाही असेही नाही. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी मुंबईच्या गिरणगावात कामगारांना जेवण पुरवणाऱ्या बायांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले आणि सावकाराच्या जागी बँकेचे कर्ज मिळवून दिले. त्या बायाही आपल्या खोलीतच रांधीत होत्या. त्यांच्या रांधण्याला धंदा म्हणून मान्यता मिळाली, हा फरक मोलाचा होता.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. परवान्यावर बाईचे नाव आणि नफ्यात तिचा ठरलेला वाटा. भाड्याच्या जागेतून उठवलेल्या खानावळीला भरपाई. एसटीच्या अधिकृत थांब्यांवर महिलांच्या सहकारी खानावळींना अग्रहक्क. आणि जेवून उठणाऱ्याने दरावरून घासाघीस करण्यापूर्वी आतल्या चुलीकडे एकदा पाहावे. तिथल्या श्रमांचे मोल चुकते करण्याची ज्याची तयारी नाही, त्याने घरगुती चवीचे गोडवे गाऊ नयेत.