ऑक्टेनचा आकडा आणि ग्राहकाचा खिसा

निगडी, आकुर्डी आणि भोसरी येथून चाकणच्या कारखान्यांकडे निघणाऱ्या दुचाकींचा लोंढा पहाटेच मोशीच्या रस्त्याला लागतो. पहिल्या पाळीची वेळ गाठायची असते. वाटेत पंपावर गाडी थांबते, टाकीचे झाकण उघडते आणि नळी हातात घेतलेला पोऱ्या विचारतो, "साधं की प्रीमियम?" कधी तर तो प्रश्नही विचारीत नाही, "साधं संपलंय, प्रीमियम टाकतो" एवढेच सांगतो. मागे रांग असते, घड्याळाचा काटा पुढे सरकत असतो. गाडीवाला मान हलवितो आणि लिटरमागे सात-आठ रुपये अधिक मोजून पुढे जातो. हे अधिकचे पैसे नेमके कशासाठी दिले, हे त्याला कोणी सांगत नाही आणि विचारण्याइतकी उसंत त्याला नसते.

आज आम्ही हा प्रश्न त्याच्या वतीने विचारू इच्छितो. अधिक ऑक्टेनचे पेट्रोल त्याच्या जादा किमतीच्या लायकीचे आहे काय? आमचे उत्तर प्रारंभीच स्पष्ट सांगतो. ज्या वाहनाच्या निर्मात्याने असे पेट्रोल मागितलेले नाही, त्या वाहनात ते भरणे म्हणजे कष्टाचा पैसा धुरात घालविणे होय. परंतु एवढे सांगून विषय संपत नाही. शहाणीसुरती माणसेदेखील हा पैसा का घालवितात, याचा विचार केल्यावाचून हे उत्तर पुरे होणार नाही.

प्रथम ऑक्टेन म्हणजे काय ते पाहू. हा आकडा पेट्रोलमधील शक्तीचे माप आहे, असा समज सर्वत्र पसरला आहे. वस्तुतः तसे मुळीच नाही. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण पिस्टन दाबून धरतो, ठिणगी पडते आणि ज्योत क्रमाक्रमाने पसरत जाते. परंतु दाब व उष्णता प्रमाणाबाहेर वाढली, तर ज्योत पोहोचण्याच्या आधीच उरलेले मिश्रण आपणहून भडकते. इंजिनातून जी खडखड ऐकू येते ती त्याचीच. या अवेळी भडकण्याला पेट्रोल किती दाद देत नाही, त्याचे माप म्हणजे ऑक्टेन. १९२६ साली हे माप ठरविताना आयसो-ऑक्टेन या द्रव्यास शंभर आणि नॉर्मल हेप्टेन या द्रव्यास शून्य गुण दिले गेले. म्हणजेच हा गुण सहनशीलतेचा आहे, बळाचा नव्हे. ज्या इंजिनात मिश्रण फारसे दाबलेच जात नाही, तेथे जादा सहनशीलता कोणत्या कामाची? पाच मणांचे ओझे पेलणारा हमाल बोलावून त्याच्या हाती भाजीची पिशवी दिली, म्हणून भाजी काही लवकर घरी येत नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चाकणच्या परिसरात आज ज्या मोटारी व मोटारसायकली तयार होतात, त्यांपैकी काहींची इंजिने पूर्वीच्या इंजिनांहून फार निराळी आहेत. टर्बोचार्जर बसविलेली छोटी मोटार असो वा उच्च दाबावर चालणारी वेगवान मोटारसायकल असो, या इंजिनांत मिश्रण अधिक दाबले जाते. त्यांतील अनेकांत खडखड हेरणारा संवेदक असतो. तो हलके पेट्रोल ओळखून ठिणगीची वेळ मागे सारतो. त्यामुळे इंजिन सुरक्षित राहते, पण शक्ती थोडी घटते. अशा वाहनास त्याचा निर्माता ९५ किंवा त्याहून अधिक ऑक्टेनचे पेट्रोल मागत असेल, तर ते देणे हे मालकाचे हितच आहे. तेथे कंजुषी करणे म्हणजे सुतासाठी मणी तोडणे. परंतु आकुर्डी-चाकण रस्त्यावरील बहुसंख्य दुचाकी या वर्गातल्या नाहीत. त्या रोजच्या कामासाठी बांधलेल्या आहेत आणि साध्या पेट्रोलवर समाधानाने चालतात.

आता हिशेब मांडू. रोजचे चाळीस किलोमीटर आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले, तर महिन्याकाठी हजार किलोमीटर होतात. लिटरला पन्नास किलोमीटर धावणाऱ्या मोटारसायकलीस वीस लिटर पेट्रोल लागते. लिटरमागे आठ रुपये जादा म्हणजे महिन्याला १६० आणि वर्षाला १,९२० रुपये. तेवढेच अंतर लिटरला पंधरा किलोमीटर जाणाऱ्या मोटारीने कापले, तर जादा खर्च वर्षाला ६,४०० रुपयांच्या घरात जातो. साधे पेट्रोल १०४ आणि महाग पेट्रोल ११२ रुपये धरल्यास हा खर्च भरून निघण्यासाठी पन्नासाच्या जागी जवळजवळ चौपन्न किलोमीटर मिळाले पाहिजेत. ज्यांना ते खरोखर मिळतात त्यांनी खुशाल महाग पेट्रोल घ्यावे. ज्यांनी कधी मोजलेच नाही, त्यांनी एक महिना वहीत नोंद ठेवून पाहावी. हातच्या कंकणाला आरसा कशाला?

अमेरिकेत हा पडताळा मोठ्या प्रमाणावर घेतला गेला आहे. तेथील अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१६ साली साध्या पेट्रोलसाठी बांधलेल्या मोटारींत महाग पेट्रोल घालून पाहिले आणि त्यापासून लक्षात येण्याजोगा लाभ नाही असा निष्कर्ष काढला. अशा अनावश्यक खरेदीत अमेरिकन वाहनधारकांनी वर्षभरात दोनशे कोटी डॉलरहून अधिक रक्कम वाया घालविली, असा तिचा अंदाज होता. पुढच्याच वर्षी तिने ज्या मोटारींसाठी महाग पेट्रोलची केवळ शिफारस केलेली असते, सक्ती नसते, अशा मोटारी तपासल्या. त्यांत इंधनाची सरासरी बचत २.७ टक्के निघाली. आपल्याकडे किमतीतील फरक सात-आठ टक्क्यांचा आहे. अडीच टक्क्यांसाठी आठ टक्के मोजण्याचा व्यवहार कोणता किराणा दुकानदार करील?

आमच्या देशात या प्रश्नाला अलीकडे एक नवे वळण मिळाले आहे. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज सहाची मानके लागू झाली, तेव्हा साध्या पेट्रोलचे ऑक्टेन किमान ९१ आणि प्रीमियमचे ९५ असे गणित होते. त्यानंतर पेट्रोलमध्ये इथेनॉलचे मिश्रण वाढत गेले आणि २०२५ मध्ये ते वीस टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉलचे ऑक्टेन १०८ च्या आसपास असते. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने इथेनॉल-मिश्रणाचे समर्थन करताना, वीस टक्के मिश्रणाच्या पेट्रोलचे ऑक्टेन ९५ पर्यंत गेले आहे, असे अभिमानाने सांगितले. हे विधान प्रमाण मानले, तर एक साधा प्रश्न उभा राहतो. साधे पेट्रोलच ९५ चे झाले असेल, तर ९५ च्याच नावाने विकल्या जाणाऱ्या पेट्रोलसाठी सात-आठ रुपये जादा कशाचे? इंजिनाचे अंतरंग स्वच्छ राखणारी द्रव्ये त्यात अधिक असतात, असे उत्तर कंपन्या देतील. ते खरेही असेल. मग ती किंमत त्या द्रव्यांची आहे असे उघड सांगावे. ऑक्टेनच्या आकड्याला पुढे करून त्याच्या आड उभे राहू नये.

याच मिश्रणाने दुसराही घोटाळा करून ठेवला आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश एवढीच उष्णता असते. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या आराखड्यातच जुन्या धाटणीच्या चारचाकी वाहनांची कार्यक्षमता सहा ते सात टक्के आणि दुचाकींची तीन ते चार टक्के घटण्याचा अंदाज दिला होता. गाडी पूर्वीइतकी धावत नाही ही मालकांची तक्रार म्हणूनच केवळ भ्रम म्हणून उडवून लावता येणार नाही. परंतु या तक्रारीवर उपाय म्हणून अनेक जण ९५ ऑक्टेनचे पेट्रोल भरू लागले आहेत. ही आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशातली गत झाली! ऑक्टेनचा आकडा आणि इथेनॉलचे प्रमाण या दोन भिन्न गोष्टी आहेत. इथेनॉलविरहित म्हणून ओळखले जाणारे १०० ऑक्टेनचे पेट्रोल डिसेंबर २०२० मध्ये बाजारात आले, तेव्हा दिल्लीत साधे पेट्रोल सुमारे ८२ रुपये असताना त्याची किंमत १६० रुपये होती. पाळीवर जाणाऱ्या माणसाने त्याची वासना धरण्यात अर्थ नाही.

आकडा एकच असला तरी तो कोणत्या मार्गाने गाठला, हे पाहिल्यावाचून त्याचे मोल ठरत नाही. १९२१ साली अमेरिकेत शिशाचे एक संयुग पेट्रोलमध्ये मिसळून इंजिनाची खडखड थांबविण्यात आली. पुढे कित्येक दशके जगाने ऑक्टेनच्या नावाखाली शिशाचा विषारी धूर श्वासावाटे घेतला. आपल्या देशातून ते पेट्रोल सर्वत्र हद्दपार होण्यास फेब्रुवारी २००० उजाडावा लागला. इथेनॉल काही शिसे नव्हे. उसाच्या शेतकऱ्याला त्याचा आधार आहे आणि परकीय तेलावरचा भार त्यामुळे हलका होतो, हे आम्ही जाणतो. परंतु आपल्या टाकीत काय ओतले जात आहे, हे जाणण्याचा ग्राहकाचा हक्क दोन्ही प्रसंगी सारखाच आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. हिशेब समजणारा, शिकलेला माणूस महाग पेट्रोल का घेतो? आमच्या मते तो ऑक्टेन विकत घेत नाही, तो विश्वास विकत घेतो. साध्या पेट्रोलमध्ये भेसळ असेल, माप कमी असेल, महागात तरी ती नसेल, अशी त्याची मनोमन समजूत असते. ही समजूत हवेतून आलेली नाही. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडी येथे तेलाच्या भेसळीला आडवे गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भर दिवसा जाळून मारण्यात आले. ज्या राज्यात एका कर्तव्यदक्ष अधिकाऱ्याला शुद्ध तेलासाठी प्राणांचे मोल द्यावे लागले, तेथील नागरिकाने लिटरमागे आठ रुपये धास्तीपोटी दिले, तर त्याला हसण्याचा अधिकार कोणाला आहे? परंतु शुद्धता ही चैनीची वस्तू नव्हे. ती साध्या पेट्रोलच्या किमतीत आधीच मोजलेली आहे. तीच पुन्हा विकत घ्यावी लागणे, हा त्या व्यवस्थेचाच पराभव आहे.

तेव्हा उपाय काय? प्रत्येक पंपावर प्रत्येक नळीपाशी त्या पेट्रोलचे ऑक्टेन आणि त्यातील इथेनॉलचे प्रमाण मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावे. साधे पेट्रोल संपले असेल, तर तसा फलक पंपाच्या दारातच लावावा. रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या घाईचा फायदा घेऊ नये. वाहन निर्मात्यांनी टाकीच्या झाकणाच्या आत किमान ऑक्टेनचा आकडा छापावा. सक्ती कोणती आणि शिफारस कोणती, हे निःसंदिग्ध शब्दांत सांगावे. आणि पुण्याच्या टेकडीवर १९६६ पासून उभी असलेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था तर आपल्या घरचीच आहे. याच रस्त्यांवर धावणाऱ्या दहा-वीस लोकप्रिय वाहनांत दोन्ही प्रकारचे पेट्रोल घालून तिने चाचणी घ्यावी आणि निष्कर्ष जनतेपुढे ठेवावेत. मोटारींची राजधानी म्हणवून घेणाऱ्या या परिसराने एवढे तरी आपल्या नागरिकांना दिले पाहिजे.

वाचकांचेही काही कर्तव्य आहे. गाडीसोबत मिळालेली पुस्तिका कपाटात धूळ खात पडली असेल, ती एकदा उघडावी. तीत ९१ लिहिले असेल तर प्रीमियमला निःशंक नकार द्यावा. शंका आली तर पंपावर फिल्टर पेपरची चाचणी आणि पाच लिटरच्या मापाची पडताळणी मागावी. तो ग्राहकाचा अधिकार आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे. आणि गाडीने खरोखर बचत करावी अशी इच्छा असेल, तर चाकांतील हवा आणि साखळीचे तेल वेळेवर पाहावे. चाकणच्या तळेगाव चौकात गाड्यांच्या गर्दीत उभ्या उभ्या जे पेट्रोल जळून जाते, ते तर कोणतेही ऑक्टेन परत आणून देणार नाही. तो हिशेब आम्हांस शासनाकडे मागावा लागेल आणि तो आम्ही मागतच राहू.

उद्या पहाटे तो पाळीवाला पुन्हा पंपावर उभा राहील आणि तोच प्रश्न त्याला विचारला जाईल. त्या वेळी त्याला "साधं" हे उत्तर निर्धास्तपणे देता आले पाहिजे. साध्या वस्तूवर साध्या माणसाला भरवसा ठेवता येणे, हीच कोणत्याही सुव्यवस्थित नगरीची खरी कसोटी आहे.