एका रकान्यात न मावणारी मुले

१९४७ च्या फाळणीनंतर सिंध सोडून आलेली कुटुंबे कल्याणनजीकच्या लष्करी बराकींत वसविण्यात आली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या छावणीचे उल्हासनगर झाले, तेव्हा सरकारी दप्तरी या माणसांची ओळख ‘निर्वासित’ एवढीच होती. ती पिढी बव्हंशी निवर्तली. परंतु त्यांच्या नातवंडा-पतवंडांपैकी ज्यांची आई जवळच्या जांभूळ गावाकडच्या एखाद्या आगरी घरातली आहे, त्यांना शाळाप्रवेशाच्या अर्जापाशी आजही अडखळावे लागते.

मातृभाषेचा रकाना एकच असतो. आईने मराठी सांगावे, कारकुनाने आडनावाकडे पाहून सिंधी लिहावे, आणि तीच नोंद पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यापर्यंत मुलाच्या पाठीशी राहावी, हा प्रकार मला अन्यायाचा वाटतो. जनगणनेच्या व्याख्येनुसार तर बालपणी आई ज्या भाषेत बोलली, तीच मातृभाषा. पण ज्या मुलाने एका आजीच्या चुलीपाशी तांदळाची भाकरी आणि सुकट खाल्ली, आणि चेटीचंडला, म्हणजे सिंधी नववर्षाला, दुसऱ्या आजीच्या हातची गोड ताहिरी खात तिची सिंधी ऐकली, त्याला या दोहोंपैकी एक परकी ठरवावयास सांगण्याचा अधिकार व्याख्येलाही नाही.

सिंधी वडीलधाऱ्यांची चिंता मी क्षुल्लक मानीत नाही. ज्या भाषेला भारतात स्वतःचा प्रांत उरला नाही, जिला घटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळण्यास १९६७ साल उजाडावे लागले, तिची एकेक नोंद त्यांना मोलाची वाटते, आणि ते रास्तच आहे. म्हणूनच एक भाषा खोडून दुसरी लिहिण्यापेक्षा दोन्ही लिहिणे त्यांच्याही हिताचे होय.

मुळाची आठवण जपणे म्हणजे इथले नसणे, हा समज तर याच भूमीत टिकू नये. उल्हासनगरशेजारच्या अंबरनाथचे शिवालय ज्यांनी १०६० मध्ये पूर्ण केले, ते उत्तर कोकणचे शिलाहार राजे पिढ्यान्‌पिढ्या ‘तगरपुराधीश्वर’ हे बिरुद मिरवीत आले. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील आजचे तेर, आणि राज्य मात्र ठाण्याचे. त्यांना परके कोणी म्हणत नाही.

अमेरिकेने २००० च्या जनगणनेत एकाहून अधिक वंश नोंदविण्याची मुभा दिली. आपल्याकडेही १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव घालणे शासनाने आवश्यक केले आहे. जे औदार्य नावाला लाभले ते भाषेलाही लाभावे: मातृभाषेच्या रकान्यात दोन नोंदी घेण्याची मोकळीक शिक्षण विभागाने द्यावी, त्या पालकांनी सांगाव्यात, आडनावावरून कोणी तर्क करू नये, आणि मूल सज्ञान झाल्यावर त्यांत फेरफार करण्याचा हक्क सर्वस्वी त्याच्याकडे असावा.