एकच लॉगिन, अनेक पोर्टल: दारावरचा नियम कुठे लिहिलेला असतो आणि तो आताच का तपासायला हवा?

मानवतच्या कापूस उत्पादकाला एका हंगामात किती ठिकाणी लॉगिन करावं लागतं, मोजून बघा. सीसीआयला हमीभावानं कापूस विकायचा तर २०२५-२६ च्या हंगामापासून 'कपास किसान' ॲपवर नोंदणी. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव होता, पण तो मिळण्याची सुरुवात या नोंदणीपासून होत होती. अवजारांच्या अनुदानासाठी महाडीबीटी. राज्याच्या कृषी योजनांसाठी १५ एप्रिल २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक. दाखल्यांसाठी 'आपले सरकार'. पीक विमा आणि पीएम किसानची पोर्टलं वेगळीच. यातलं बरंचसं काम होतं सेवा केंद्रातल्या एकाच संगणकावर.

या कटकटीवरचा उपाय म्हणजे 'सिंगल साइन-ऑन'. एकदा ओळख पटवा आणि अनेक सेवा वापरा. उपाय चांगला आहे. पण तो किती सुरक्षित आहे, हे तुमच्या पासवर्डाइतकंच दुसऱ्या एका गोष्टीवर ठरतं. ती म्हणजे वेबसाइटच्या दारावर लिहिलेले नियम. आणि सध्या जगभरात हजारो वेबसाइट हे दारच बदलत आहेत.

सिंगल साइन-ऑन म्हणजे नेमकं काय?

'गुगलनं लॉगिन करा' हे बटण तुम्ही वापरलं असेल, तर तुम्ही सिंगल साइन-ऑन वापरलं आहे. भारत सरकारनं जुलै २०२२ मध्ये 'मेरी पहचान' ही अशीच सोय सुरू केली. डिजिलॉकर, एनआयसीचं 'जन परिचय' आणि सी-डॅकचं 'ई-प्रमाण' या तीन ओळख-सेवा त्यात एकत्र आहेत. यांपैकी एका खात्यानं तिच्याशी जोडलेल्या इतर सरकारी सेवा वापरता येतात.

बाजार समितीचं आवार डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक शेडला स्वतंत्र रखवालदार ठेवण्यापेक्षा एकच मोठं गेट आहे. गेटवरचा माणूस तुम्हाला आधी कार्यालयात पाठवतो. तिथे ओळख पटली की चिठ्ठी मिळते. ती दाखवली की काटा, लिलाव, हिशेब सगळीकडे जाता येतं.

वेबसाइटवरही तेच होतं. कार्यालय म्हणजे ओळख-सेवा, चिठ्ठी म्हणजे ब्राउझरमध्ये साठवलेली कुकी आणि गेट म्हणजे 'गेटवे'.

हे गेट असतं कुठे?

मोठ्या वेबसाइट आता एका सर्व्हरवर चालत नाहीत. त्यांचे छोटे छोटे भाग 'कंटेनर'मध्ये बांधलेले असतात आणि ते अनेक सर्व्हरवर पसरलेले असतात. शेवटच्या तारखेला गर्दी वाढली की प्रती वाढवायच्या, ओसरली की कमी करायच्या. हा कारभार सांभाळणारं सर्वांत प्रचलित सॉफ्टवेअर म्हणजे कुबरनेटिस. गुगलनं ते २०१४ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. भारतात अनेक शहरांच्या नागरी सेवांसाठी वापरलं जाणारं 'डिजिट' हे व्यासपीठही कुबरनेटिसवरच चालतं.

या सगळ्या कंटेनरांच्या पुढे गेटवे उभा असतो. बाहेरून येणारी प्रत्येक विनंती त्याच्यामार्फत आत जाते. म्हणून 'आधी लॉगिन, मग आत' हा नियम बहुतेकदा तिथेच लिहितात.

मग चूक कुठे होते?

गेटवे आयता मिळतो, पण त्याच्या सेटिंग्ज आपल्या कामाप्रमाणे बदलाव्या लागतात. चार ठिकाणी हमखास गडबड होते.

• कोणता रस्ता बंद, कोणता खुला? बाजारभावाचं पान सर्वांना दिसलंच पाहिजे, बँक खात्याचं नको. पुढच्या पानाला कुलूप असतं, पण माहिती पुरवणारा मागचा पत्ता उघडाच राहतो. हा जुना आणि वारंवार होणारा घोटाळा आहे.

• ओळख पटली, पण परवानगी आहे का? 'हा माणूस कोण' आणि 'याला आत सोडायचं का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ओऑथ-टू प्रॉक्सी या लोकप्रिय साधनात कोणत्या ईमेलवाल्यांना सोडायचं ते लिहावं लागतं. तिथे फक्त फुलीचं चिन्ह टाकलं, तर त्या ओळख-सेवेत खातं असलेला कोणीही आत येतो. कर्मचाऱ्यांसाठीचं पान मग साऱ्या जगासाठी खुलं होतं.

• चिठ्ठी किती वेळ चालेल? याच साधनात काहीच बदललं नाही, तर कुकी १६८ तास म्हणजे सात दिवस चालते. घरच्या लॅपटॉपवर हे सोयीचं आहे. सेवा केंद्रातल्या संगणकावर मात्र सोमवारी तुम्ही भरलेला अर्ज गुरुवारी दुसऱ्या कुणाला उघडता येऊ शकतो. उलट मुदत दहा मिनिटांची ठेवली, तर सातबारा अपलोड होईपर्यंत फॉर्म बंद पडतो. शेवटच्या तारखेला याची किंमत अर्जदारच मोजतो.

• बाहेर पडलो म्हणजे खरंच बाहेर पडलो का? पोर्टलवरून लॉगआउट केलं तरी ओळख-सेवेत लॉगिन तसंच राहू शकतं. मग पुढच्या माणसानं 'लॉगिन' दाबताच पासवर्ड न विचारता तुमचंच खातं उघडतं.

आता बातमी काय आहे?

कुबरनेटिसच्या जगात 'इन्ग्रेस-एनजिनएक्स' हे गेट वर्षानुवर्षं सर्वाधिक वापरात होतं. मार्च २०२५ मध्ये 'विझ' या सुरक्षा कंपनीनं त्यातल्या गंभीर त्रुटी उघड केल्या. त्यांना 'इन्ग्रेस-नाइटमेअर' असं नाव पडलं. सर्वांत गंभीर त्रुटीला दहापैकी ९.८ धोकागुण मिळाले. बाकीच्यांपैकी एक त्रुटी तर लॉगिन कुठे तपासायचं हे सांगणाऱ्या सेटिंगमध्येच होती. ज्या ओळीनं दार राखायचं, तिच्यातूनच हल्लेखोराला आपली आज्ञा आत घुसवता येत होती.

त्या त्रुटी दुरुस्त झाल्या. पण इतकं महत्त्वाचं सॉफ्टवेअर प्रत्यक्षात एक-दोन स्वयंसेवक रिकाम्या वेळात सांभाळत होते. अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये ते निवृत्त करण्याची घोषणा झाली. मार्च २०२६ पर्यंत जमेल तेवढी देखभाल, त्यानंतर नवी आवृत्ती नाही आणि सुरक्षेची दुरुस्तीही नाही, असं त्यात स्पष्ट सांगितलं होतं. ज्यांनी ते बसवलं आहे, त्यांचं गेट चालूच राहतं. फक्त यापुढे भगदाड पडलं तर बुजवायला कोणी नाही.

गेट बदलण्यात धोका कसला?

जुन्या गेटवर लॉगिनचा नियम 'ॲनोटेशन' म्हणून लिहिलेला असतो. म्हणजे दाराला चिकटवलेली सूचना. ती खास त्याच गेटच्या भाषेत असते. नवं गेट बसवलं आणि त्याला ती भाषा येत नसेल, तर ते सूचनेकडे सरळ दुर्लक्ष करतं. चूक दाखवत नाही, थांबतही नाही. वेबसाइट झकास चालते, लोकांची कामं होतात, पण लॉगिनची अट गायब झालेली असते.

बंद पडलेली साइट पाच मिनिटांत लक्षात येते, कारण लोक ओरडतात. उघडं राहिलेलं दार महिनोन्‌महिने कुणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून गेट बदलणाऱ्या प्रत्येक यंत्रणेनं पहिली चाचणी 'आत जाता येतं का' ही न घेता, 'लॉगिन नसताना अडवलं जातं का' ही घ्यायला हवी.

कायद्याचा रेटाही वाढतो आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. वैयक्तिक माहितीची पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्या कायद्यात आहे.

तुम्ही काय करू शकता?

• सेवा केंद्रात काम झालं की पोर्टलवरून आणि डिजिलॉकरसारख्या ओळख-सेवेतूनही लॉगआउट करा. मग तुमच्यासमोरच पुन्हा 'लॉगिन' दाबायला सांगा. पासवर्ड किंवा ओटीपी विचारला तरच उठा.
• शक्य असेल तिथे काम ब्राउझरच्या खासगी खिडकीत करून घ्या. शेवटी सगळ्या खासगी खिडक्या बंद केल्या की त्यातल्या कुकी पुसल्या जातात.
• तुमच्या अर्जाची किंवा कागदपत्राची लिंक लॉगिन नसलेल्या खासगी खिडकीत उघडून पाहा. ती उघडली, तर लिंक कुठेही शेअर न करता त्या विभागाला आणि 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेला कळवा. सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवणं संस्थांना २०२२ पासून बंधनकारक आहे.

थोडक्यात

मानवतच्या शेतकऱ्याला सहा पोर्टलांसाठी सहा लॉगिन पुरवण्यापेक्षा एकच लॉगिन देणं केव्हाही बरं. पण मग त्या एका चिठ्ठीवर त्याचा सातबारा, बँक खातं आणि आधार सगळंच अवलंबून राहतं. ती कोणाला, कशासाठी आणि किती वेळ चालते, हे ठरवणाऱ्या सेटिंग्ज म्हणूनच निव्वळ तांत्रिक बाब उरत नाहीत. पोर्टल सुरू करताना जेवढा गाजावाजा होतो, तेवढीच काळजी त्याचं गेट बदलताना घेतली का, हे विचारण्याचा हक्क ते वापरणाऱ्या प्रत्येकाला आहे.