‘हौ’ला का हसलात?

‘हौ, जल्दी बघतो, सर्व्हर सारखा डाऊन व्हायलाय.’ पुण्यातल्या ऑफिसात पहिल्याच महिन्यात मी हे बोललो आणि टीममध्ये खसखस पिकली. हसले ते ‘हौ’ला, ‘जल्दी’ला, ‘व्हायलाय’ला. ‘सर्व्हर डाऊन’ला कुणीच हसलं नाही.

माझं भांडण या हसण्याशी आहे. ज्यांना कुठलीच सरमिसळ नको, ते निदान सगळ्यांना एकच फूटपट्टी लावतात. पण इंग्रजी मिसळली की प्रोफेशनल आणि दखनी मिसळली की गावंढळ? असला नियम व्याकरणात नसतो, तो पगाराच्या स्लिपवरून ठरतो.

मी भोकरचा. मुदखेड–आदिलाबाद रेल्वेलाइनवरचं गाव, तेलंगणाची हद्द जवळच. १९४८पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कारभार उर्दूत चालायचा. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दूच. घरात मराठी, बाजारात दखनी, तर दोन्ही एका वाक्यात येणारच.

आणि ही देवघेव दोन्हीकडून झाली. दखनीतलं ‘नक्को’ म्हणजे आपलं ‘नको’. ‘ऐसाइच’मधला ‘इच’ म्हणजे आपला ‘च’. शब्द काय, कुणीही उसना घेतो. बोलताना जोर कुठं द्यायचा हेसुद्धा शेजाऱ्याकडून उचलायचं, तर पिढ्यान्‌पिढ्या एका गल्लीत राहावं लागतं.

मिसळलं म्हणजे गोंधळ, हेही खोटं. आपण ‘डिप्लॉय केलं’ म्हणतो, ‘डिप्लॉयलं’ म्हणत नाही. ‘फाइली’, ‘टेबलावर’, ‘ऑफिसात’: शब्द बाहेरचा, प्रत्यय घरचा. अल्जीरिया-मोरोक्कोतले लोक फ्रेंच धातूंना अरबी प्रत्यय लावून असंच बोलतात, आणि ‘धड इकडचे ना तिकडचे’ हा टोमणा त्यांनाही ऐकावा लागतो.

शुद्धीवाल्यांनी ‘तारीख’ला ‘दिनांक’ दिला. तो अर्जावर बसला (‘अर्ज’ तरी कुठला हो?), पण कोर्टात अजून तारीखच पडते.

एवढं सगळं मला माहीत आहे. तरी त्या हसण्यानंतर सहा महिन्यांत मी ‘हो’ म्हणायला लागलो होतो. गेल्या दिवाळीत भोकरला गेलो. भाचीला हाक मारली तर ती आतून ओरडली, ‘हौ मामा, आले!’ मी म्हणालो, ‘हौ नाही, हो म्हणावं.’

ती दारात थांबली. जरा वेळानं म्हणाली, ‘ओके.’

त्यावर मी काहीच बोललो नाही.