ऑम्नी, खिडकी आणि तेराशे कौलं

सोमवारी ऑफिसच्या कँटीनमध्ये एक वाक्य हळूच सोडून बघा. ‘वैताग आलाय यार, एक दिवस हे सगळं सोडून कोकणात घर बांधून राहणार!’ डबे उघडायच्या आत चार जण तुमच्याबरोबर निघायला तयार होतील. पाचवा विचारेल, ‘तिथे नेट आहे का?’ आपल्या सगळ्यांच्या डोक्यात ते घर आधीच बांधून तयार असतं. लाल चिऱ्याच्या भिंती, कौलारू छप्पर, पडवीत झोपाळा, हातात सोलकढी. त्या चित्रात गवंडी नसतो, संडासाची टाकी नसते आणि सातबारा तर नसतोच नसतो.

माझी एक मैत्रीण मात्र खरोखर गेली. कंपनीत ती माझ्या शेजारच्या क्युबिकलमध्ये बसायची. तिच्या नवऱ्याची राजापूर तालुक्यात वडिलोपार्जित जमीन होती. तिथे एक मोडकं जोतं आणि त्यावर माजलेलं रान, बस्स. तिनं वर्षभराची बिनपगारी सुट्टी टाकली, त्यानं घरून काम करायची परवानगी मिळवली आणि दोघांनी सहाशे चौरस फुटांचं घर बांधायला घेतलं. ‘स्वतःच्या हातांनी!’ असं ती फोनवर जाम अभिमानानं सांगायची. हे ‘स्वतःच्या हातांनी’ प्रकरण नक्की काय असतं, ते बघायची मला केव्हाची उत्सुकता होती.

निमित्त मिळालं ते खिडकीचं. पुण्यात पाडलेल्या एका वाड्याची सागवानी खिडकी तिनं जुन्या लाकडाच्या वखारीत हेरून ठेवली होती. चार फूट बाय तीन फूट, लोखंडी गज, उचलायला दोन माणसं. ती पोचवायची जबाबदारी मी आणि माझ्या नवऱ्यानं घेतली. गाडीची सोय घरातच झाली. त्याच्या काकांचा केटरिंगचा धंदा आहे आणि त्यांच्याकडे अजूनही एक कार्गो ऑम्नी आहे.

ऑम्नी आठवते ना? मारुतीची ही व्हॅन १९८४मध्ये आली आणि २०१९मध्ये तिचं उत्पादन थांबलं. मधल्या काळात तिनं शाळेची पोरं वाहिली, पेशंट वाहिले, भाजी वाहिली आणि हिंदी सिनेमातल्या व्हिलनना किडनॅपिंगसाठी दुसरी गाडी कधी शोधावीच लागली नाही. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन चक्क पुढच्या सीटखाली. घाट लागला की बूड तापतं, म्हणजे थंडीत हीटर फुकट! कार्गो असल्यामुळे मागे सीट नाही. तिथे आम्ही खिडकी उभी बांधली, उरलेल्या जागेत एक गादी, दोन रजया, छोटा स्टोव्ह. काकांच्या पंचवीस वर्षांच्या फोडण्यांचा वास आधीपासून होताच.

दिवाळी उलटली आणि आम्ही निघालो. खिडकी सांभाळायची म्हणून काटा साठच्या पुढे न्यायचा नाही असं ठरलं होतं. खरं सांगायचं तर त्या वेगाची मजा मला दुसऱ्या तासानंतर कळायला लागली. कराडला महामार्ग सोडून पाटणच्या रस्त्याला लागलो, तेव्हा पुढे उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या होत्या. एरवी हॉर्नवर हात गेला असता. या वेळी खिडकीची काच खाली केली आणि आरामात त्यांच्या मागून गेलो. राजापूरपर्यंतचं अंतर एका दिवसात सहज होतं, आम्ही दोन दिवस लावले.

रात्री कोयनानगरजवळ एका खानावळीच्या अंगणात, मालकांना विचारून, गाडी लावली. पिठलं-भाकरी झाली. मालक सत्तरीकडे झुकलेले. टॉर्च मारून त्यांनी आमची खिडकी बघितली आणि गोष्ट निघाली ती घरांची. या भागात ती गोष्ट ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेपर्यंत जातेच. भूकंपाच्या वेळी ते लहान होते. ‘भिंत हवी तेवढी जाड करा,’ ते म्हणाले, ‘पण डोक्यावरचं ओझं हलकं ठेवा. मैत्रिणीला सांगा.’ नंतर दोघं जण ऑम्नीत गादीवर तिरके झोपलो. खिडकीनं जास्त जागा खाल्ली होती.

दुसऱ्या दिवशी कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, पुढे संगमेश्वर, लांजा, राजापूर. उन्हं कलताना वाडीत पोचलो.

घर डोक्यातल्या चित्रासारखं दिसतं का? बऱ्यापैकी. पण जवळ गेलं की वेगळंच वाचायला मिळतं. चिरा म्हणजे जांभा दगड. १८०७मध्ये फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टरनं केरळात त्याचं वर्णन करताना त्याला ‘लॅटराइट’ हे नाव दिलं. लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीट. नाव अगदी चपखल आहे, कारण खाणीतून नुकता काढलेला जांभा मऊसर असतो, विटेसारखा कापता येतो आणि हवा लागली की कडक होत जातो. एकेक चिरा तीसेक किलोचा. छिद्रं भरपूर, म्हणून पाणीही पितो. म्हणून तर कोकणातल्या घराला उंच जोतं आणि भिंतीच्या बऱ्याच पुढे आलेलं छप्पर असतं. पावसाची झड भिंतीपर्यंत पोचूच नये. आपल्याला जे ‘रस्टिक लुक’ वाटतं, ती शुद्ध गरज असते.

मैत्रिणीनं काय केलं? चिऱ्यांच्या मधल्या दर्जा भरल्या. म्हणजे दोन दगडांमधल्या सांध्यांत थापीनं मसाला दाबून बसवणं. घराभोवती सगळ्या भिंतींच्या सगळ्या दर्जा तिच्या. उत्तरेची भिंत पहिली, तिथे मसाला ओघळलाय. पश्चिमेपर्यंत पोचताना रेघ सरळ झालीये. रोज सकाळ-संध्याकाळ भिंतींवर पाणी मारलं, जमीन चोपली, खिळे सरळ केले. मिस्त्रीकाका तिला ‘वहिनी’ म्हणतात आणि तिच्या उत्तर भिंतीकडे बघून अजूनही हसतात.

आमची खिडकी बसवतानाही तेच. मिस्त्रीकाकांनी ओळंबा सोडला, गुण्या लावला आणि म्हणाले, ‘चौकट काटकोनात नाय.’ आमचे चेहरे पडले. तीनशेच्या वर किलोमीटर आणलेली खिडकी! त्यांनी मात्र शांतपणे एका चिऱ्याची कड तासली, खाली पाचर मारली, पुन्हा ओळंबा धरला. दीड तासात खिडकी अशी बसली की जणू भिंतच तिच्या मापानं बांधली होती. ‘वाड्यात जिकडं झुकून उभी होती, तिकडंच झुकणार,’ एवढंच बोलून ते चहाला गेले.

पण हे सगळं उभं राहिलं असतं की नाही, असा एक दिवस येऊन गेला होता. तो मैत्रिणीनं फोनवर कधी सांगितला नव्हता.

कौलं चढवायचं काम त्यांनी मेच्या अखेरीला धरलं होतं. हिशेब साधा. तिथे मान्सून साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. पण २०२५मध्ये मेच्या तिसऱ्या आठवड्यापासूनच कोकणात पाऊस कोसळायला लागला आणि २५ मे रोजी मान्सून महाराष्ट्रात दाखलही झाला. त्या वेळी आढं चढलं होतं, वासे आणि रिपा ठोकून झाल्या होत्या. तेराशेच्या आसपास मंगळुरी कौलं मात्र अंगणात रचून ठेवलेली. गडी आपापल्या घरी गेलेले, कारण आगोटीची कामं त्यांनाही होती. लाकूडफाटा आत घ्यायचा, गुरांचा चारा झाकायचा, स्वतःचं छप्पर बघायचं. बँकेत शिल्लक होती ती रंग आणि वायरिंगपुरती. चोपलेली जमीन चिखल होत होती, सिमेंटच्या पिशव्या भिजत होत्या. नवऱ्यानं त्या रात्री ताडपत्रीचं टोक हातात धरून तिला विचारलं होतं, ‘परत जायचं का?’ तिच्याकडे उत्तर नव्हतं.

सकाळी पावसानं जरा उघडीप दिली आणि वाडीतली माणसं आली. पंधराएक असतील. कोणी निरोप दिला नव्हता. कौलांच्या ढिगापासून शिडीपर्यंत रांग लागली, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात कौल. वर मिस्त्रीकाका आणि त्यांचा मुलगा, खाली ऐंशीच्या आजी ओट्यावर बसून फुटकं कौल कुठलं ते आवाजावरून सांगतायत. टिचकी मारली की खणखणीत वाजलं पाहिजे. अंधार पडायच्या आत पावसाकडची बाजू शाकारून झाली, दुसरी बाजू पुढच्या दोन दिवसांत. खिडकीच्या भोकाला झावळीचं झाप लावलं, ते आमची खिडकी पोचेपर्यंत होतं.

मैत्रिणीनं मजुरी देऊ केली, कुणी घेतली नाही. पण म्हणजे फुकट नव्हे हं! जुलैत भातलावणी आली तेव्हा ती आणि तिचा नवरा आठ दिवस गुडघाभर चिखलात उभे होते, एकेकाच्या शेतावर. आमच्याकडे देशावर याला सावड म्हणतात. आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. पाठ मोडली, पण वाडीत त्यानंतर कुणी त्यांना ‘पुणेवाले’ म्हटलं नाही.

म्हणून आता ती ‘स्वतःच्या हातांनी’ म्हणत नाही. मी मुद्दाम ऐकत होते. ‘आम्ही बांधलं’ म्हणते, आणि त्या ‘आम्ही’त किती जण ते तिला तोंडपाठ आहे. चिरे कुठल्या खाणीतले, आढ्याचं लाकूड कुणाच्या फणसाचं, कुठली रांग कुणी लावली.

लॉरी बेकर हे नाव आर्किटेक्चरवाल्या मित्रांकडून ऐकलं असेल. इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि केरळात आयुष्य घालवलेले हे आर्किटेक्ट २००७मध्ये गेले. चाळीसच्या दशकात ते मुंबईत बोटीची वाट बघत थांबले असताना गांधीजींना भेटले होते. घराला लागणारं सामान पाच मैलांच्या परिघातलं असावं, हा गांधीजींचा सल्ला बेकर आयुष्यभर सांगत आले. मैत्रिणीच्या घराला लावून बघितलं. चिऱ्याची खाण चार मैलांवर, पास. लाकूड परसातलं, पास. कौलं गावातल्याच एका जुन्या घराची, मूळची मंगळूरची असली तरी पास. आमची खिडकी सपशेल नापास!

आणि माणसं? ती सगळी पाच मैलांतली. हा मुद्दा आपल्या डोक्यातल्या चित्रात कधी येतच नाही. आपण कोकणात घर बांधायचं म्हणतो, ते बहुतेक वेळा माणसांपासून लांब जायला. मॅनेजर नको, सोसायटीची मीटिंग नको. पण तिथे कौल फुटलं तरी माणूस लागतो.

ज्यांची कौलं मैत्रिणीनं घेतली, त्या शेजारच्या काकींनी नव्या घरावर स्लॅब घातलाय. ‘आम्ही स्लॅबसाठी बारा वर्षं पैसे साठवले, आणि तुम्ही आमची जुनी कौलं घेऊन नाचताय!’ त्या खो खो हसतात. त्यांचं चूक नाही. माकडं कौलं फोडतात, दरवर्षी छप्पर परतावं लागतं आणि ते करणारी पोरं मुंबईला गेली. चिऱ्याच्या खाणींनीही सड्यावर मोठे खड्डे पाडलेत, हे विसरून चालणार नाही. त्याच राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर हजारो वर्षांपूर्वी कुणी तरी पंधरा मीटरहून लांब हत्ती कोरलाय आणि त्याच्या अंगात आणखी प्राणी. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. तोच दगड, कुणी चित्रासाठी वापरला, कुणी भिंतीसाठी.

मैत्रिणीचा नवरा मीटिंगसाठी मोटरसायकलवरून सड्यावरच जातो. रेंज फक्त तिथे येते. पाठीमागे समुद्राचा वारा, समोर लॅपटॉप, आणि क्लायंट विचारतो, ‘हा कसला आवाज येतोय?’

तर ज्यांच्या डोक्यात किडा वळवळायला लागलाय, त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर साधारणपणे घेणाऱ्याचं नाव आधी शेतकरी म्हणून लागलेलं असावं लागतं. त्यामुळे आधी वकील, मग आर्किटेक्ट. जागा आवडली तरी तिथे एक पावसाळा भाड्यानं काढा, पाणी कुठून कुठे वाहतं ते बघा आणि मगच जोतं आखा. छप्पर एप्रिलमध्ये पुरं करा, मान्सूनच्या तारखेवर विसंबू नका. बजेटचा एक वाटा अडीनडीसाठी बाजूला ठेवा, आणि त्याला टाइल्सच्या दुकानात हात लावू नका.

नुसती ट्रिपच करायची असेल तर दिवाळी ते होळी हा सीझन झक्कास. जुनी गाडी असेल तर घाटाआधी कूलंट आणि ब्रेक तपासून घ्या. रात्री कुणाच्या अंगणात किंवा पंपावर गाडी लावाल तर विचारून लावा आणि सकाळी जागा झाडून निघा. आणि हो, कुणाच्या बांधकामावर जाणार असाल तर रिकाम्या हातानं जाऊ नका. तिथे बिजागऱ्या, कड्या आणि चांगली थापी हे मिठाईपेक्षा जास्त आवडतं.