यादी कोणाच्या खिशात?
भडगावच्या टपरीवर कामगार संघटनेच्या निवडणुकीची चर्चा कितीही रंगो, सभासदांची यादी असते जुन्या पदाधिकाऱ्याच्या मोबाइलात. त्याचा निरोप क्षणात सगळीकडे. नवखा उमेदवार मात्र मोटारसायकलवर गिरणाकाठची गावे पालथी घालतो. १९२६च्या कामगार संघटना कायद्याच्या २०व्या कलमाने सभासदाला यादी पाहण्याचा हक्क दिला. नुसता पाहण्याचा! ई-मेलचा तेव्हा प्रश्नच नव्हता. अमेरिकेच्या १९५९च्या कायद्यात तोडगा आहे: उमेदवाराने खर्च द्यायचा, त्याचे पत्रक संघटनेने सभासदांना पाठवायचे. इथेही तेवढेच करावे. नंबर वाटू नयेत, नाहीतर उद्या बियाणेवाल्यांचेही फोन सुरू होतील. प्रत्येक उमेदवाराचे दोन संदेश, एकाच दिवशी. आणि ते पाठवणारा स्वतः रिंगणात नसावा.