मुलांच्या खाऊंतील रंग

गोळ्या, सरबतें व रंगीत मिठाई खाल्लीं कीं मूल अनावर चंचल होतें, अशी कित्येक आईबापांची तक्रार आहे. अमेरिकेंतील डॉक्टर बेन फाइनगोल्ड यांनीं गेल्या शतकाच्या आठव्या दशकांत ती जोरानें मांडली. परंतु तिची कसून परीक्षा झाली ती इंग्लंडांतील साउथॅम्प्टन विद्यापीठांत. त्याचा निष्कर्ष 2007 सालीं प्रसिद्ध झाला.

या प्रयोगांत 3 वर्षांचीं 153 व 8-9 वर्षांचीं 144 मुलें होतीं; दवाखान्यांतील रोगी नव्हेत, सामान्य घरांतील. त्यांच्या आहारांतून संशयित द्रव्यें वगळून, कांहीं आठवडे रसांतून सहा कृत्रिम रंगांपैकीं कांहीं व सोडियम बेंझोएट दिलें, कांहीं आठवडे नुसताच रस. कोणत्या आठवड्यांत काय दिलें, हें मुलांस वा आईबापांस ठाऊक नव्हतें. तरीही द्रव्यांच्या आठवड्यांत चंचलपणा सरासरीनें वाढलेला दिसला. लहान मुलांत मात्र दोहोंपैकीं एकाच मिश्रणाचा परिणाम स्पष्ट होता.

परिणाम अल्प, सर्व मुलांत सारखा नाहीं, आणि मिश्रणांतील दोषी कोण तें कळत नाहीं, असे आक्षेप निघाले. 2008 सालीं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनेंही पुरावा मर्यादित ठरविला. आक्षेप खरे आहेत. पण बेंझोएट निदान पदार्थ टिकवितें. रंग काय करतो? पोषण कवडीचें वाढवीत नाहीं. अशा द्रव्याविषयीं आईबापांस सावध करण्यास अल्प पुरावाही आमच्या मतें पुरेसा आहे. युरोपीय संघानें जुलै 2010 पासून या सहा रंगांच्या वेष्टनावर, मुलांच्या हालचालींवर व अवधानावर अनिष्ट परिणाम होऊं शकतो, असा इशारा छापणें सक्तीचें केलें. त्यांतील टार्ट्राझीन, सनसेट यलो, कार्मोइसीन व पॉन्सो 4आर आपल्याकडेही चालतात. येथें मात्र परवानगीचा कृत्रिम रंग आहे, एवढें व त्या रंगाचें नांव वा क्रमांक छापावा लागतो; असा इशारा सक्तीचा नाहीं. उताऱ्यावरील इतर हक्कांचा रकाना न वाचतां जमीन घेणाऱ्याचें काय होतें, हें वाचकांस सांगणें नको. येथें तर रकानाच कोरा!

मात्र हलवायाकडे बोट दाखवितांना आपलें गुऱ्हाळही पाहिलें पाहिजे. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काहिलींत हायड्रॉसची पूड टाकणारे आपल्यांतच आहेत. तिच्यामुळें गुळांत गंधकाचा अंश राहतो, व असा अंश कांहीं दमेकरी मुलांस बाधतो. तांबूस गुळास भाव मिळत नाहीं, ही शेतकऱ्याची अडचण आम्ही जाणतों. म्हणूनच बाजार समित्यांनीं बिनहायड्रॉसच्या गुळाचा सौदा वेगळा काढावा, व ती मागणी आपल्या संघानें येत्या हंगामापूर्वीं लेखी करावी.